स्टुडंट व्हिसा कन्सल्टन्सीचा रिव्ह्यू : अडीच स्टार, ते पण मागच्या टेबलवरच्या मॅडममुळे

आधीच सांगून टाकते, व्हिसा मिळालाय. धाकटा भाऊ सप्टेंबर २०२५ मध्ये युकेला पोचला, एमएस्सी चालू आहे, थंडी वाजते म्हणून रोज रडगाणं गातो, बाकी मजेत आहे. त्यामुळे व्हिसा रिजेक्ट झाला म्हणून चिडून लिहिलेला हा रिव्ह्यू नाहीये. कन्सल्टन्सीचं नाव लिहीत नाही. कारण नंतर ओळखीतल्या तिघांशी बोलले तर तिघांच्या तीन वेगळ्या कन्सल्टन्सी आणि किस्से मात्र सेम टू सेम निघाले, मग एकाच्याच नावाने खडे फोडून काय करायचं. पाचपैकी अडीच स्टार देतेय आणि त्यातले दोन तर एकाच बाईंचे आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

आम्ही जानेवारीत पहिल्यांदा गेलो. ऑफिस मस्त, काचेचं, एका भिंतीवर पासपोर्ट उघडून छातीशी धरलेल्या हसऱ्या मुलामुलींचे फोटो. कौन्सिलिंग फ्री आहे म्हणाले. बाबांना फ्री शब्दाचा संशय येतो, तो त्यांचा स्वभावच आहे, पण इथे त्यांचा संशय बरोबर निघाला. युकेतली बरीच विद्यापीठं मूल पाठवल्याबद्दल एजंटला कमिशन देतात, त्यामुळे तुमच्याकडून पैसे घ्यायची त्यांना गरज नसते. यात काही बेकायदा नाहीये, उघड पद्धत आहे. फक्त एवढंच की ज्यांच्याशी टाय-अप त्यांचीच नावं तुमच्यासमोर येतात. धाकट्याने स्वतः शोधून काढलेलं विद्यापीठ सांगितलं तर कौन्सिलर म्हणे "तिकडे व्हिसा रेशो चांगला नाहीये". पंधरा मिनिटांत त्यांच्या यादीतली चार नावं सुचवून झाली, चारही ठिकाणी म्हणे व्हिसा रेशो उत्तम. हा रेशो कुठे लिहिलेला असतो विचारलं तर "एक्स्पिरियन्सने कळतं मॅडम". बरं.

धाकटा ऐकला नाही. त्याने विद्यापीठाच्या साइटवरून डायरेक्ट अर्ज केला आणि मार्चमध्ये ऑफर पण आली. मग कन्सल्टन्सी म्हणाली की हे आमच्या टाय-अपमधलं नाही तर व्हिसा फायलिंगचे चार्जेस लागतील. आम्ही हो म्हटलं, कारण घरात याआधी कोणी परदेशी शिकायला गेलेलं नाही, आणि कागदपत्रांत काही चुकलं तर एवढी वर्षं साठवलेलं सगळं पाण्यात, ही भीती. म्हणजे आम्ही जे विकत घेतलं ते खरं तर धीर होता. आणि आता मागे वळून बघितलं तर नेमका तोच मिळाला नाही, बाकी बरंच काही मिळालं.

आधी चांगलं सांगते. कागदपत्रांची त्यांची यादी खरंच कामाची आहे. युकेच्या स्टुडंट व्हिसाला पैसे कोणाच्या खात्यातले चालतात याचे नियम फार कडक आहेत. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नाहीतर आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या खात्यातले. आमचा मामा बिचारा पहिल्या दिवसापासून "माझ्या खात्यात टाकून ठेवतो, काळजी करू नका" म्हणत होता, तर मामाचं खातं चालत नाही. काकाचं नाही, आजोबांचं पण नाही. शेअर्स नाहीत, पीएफ नाही. एफडी चालते पण ती मोडता येणारी हवी. आणि आईवडिलांचं खातं दाखवायचं तर नातं सिद्ध करायला जन्मदाखला आणि "हे पैसे याच्या शिक्षणाला वापरायला माझी हरकत नाही" असं त्यांचं संमतीपत्र. हे सगळं यादीत नीट लिहिलेलं होतं. टीबी टेस्टचं पण त्यांनीच वेळेवर बजावलं. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर आपल्याकडून जाणाऱ्यांना छातीचा एक्स-रे काढून सर्टिफिकेट लागतं, ते पण यूके सरकारने मान्यता दिलेल्या क्लिनिकचंच, आणि ते सहा महिने चालतं. सीझनला तिथे अपॉइंटमेंट मिळायची मारामार, आम्हाला आरामात मिळाली. यासाठी अर्धा स्टार मनापासून.

आता त्या मागच्या टेबलवरच्या मॅडम. पुढे बसणारे कौन्सिलर आमच्या केसमध्ये सहा महिन्यांत तीन वेळा बदलले, प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची. पण आत, प्रिंटरशेजारी एक डॉक्युमेंटेशनच्या मॅडम बसायच्या, त्या फारसं बोलायच्या नाहीत. आमचा जन्मदाखला मराठीत, त्यामुळे त्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने त्यावर ते अचूक असल्याचं लिहून नाव, सही, तारीख आणि संपर्क द्यायचा असतो. कन्सल्टन्सीच्याच ओळखीच्या माणसाने करून दिलं. पुढच्या कौन्सिलरने बघून "परफेक्ट" म्हणून फाइलला लावलं पण. मॅडमनी फाइल उघडली, बाबांचा पासपोर्ट शेजारी ठेवला, पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली पट्टी सरकवत अक्षर न् अक्षर जुळवत गेल्या, आणि बाबांच्या नावाशी थांबल्या. शेवटी एक ए जास्त. एक अक्षर! म्हणाल्या, "तुम्हाला हे एकच नाव वाटतं, तिकडे बसलेल्याला ही दोन माणसं वाटू शकतात." परत करून आणायला लावलं.

त्याच मॅडमनी कॅसमधली चूक पकडली. कॅस म्हणजे विद्यापीठाने तुम्हाला घेतल्याचा जो चौदा अक्षरी नंबर असतो तो, त्याशिवाय व्हिसाचा फॉर्मच पुढे जात नाही. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. कॅसवर फक्त भावाचं नाव आणि आडनाव आलं, मधलं गायब. तर त्यांनी त्याला स्वतःच्या मेलवरून विद्यापीठाला लिहायला सांगितलं, आणि विद्यापीठाने तीन दिवसांत कॅसला दुरुस्तीची नोट जोडून दिली. मला तर असं काही करता येतं हेच माहीत नव्हतं. या बाईंना दोन स्टार, आणि त्या कन्सल्टन्सीने त्यांना पुढच्या केबिनमध्ये बसवावं अशी माझी फुकटची सूचना.

आता इंटरव्ह्यूबद्दल. कॅस द्यायच्या आधी बरीच विद्यापीठं व्हिडिओवर मुलाची मुलाखत घेतात, मूल खरंच शिकायला येतंय की नाही बघायला. व्हिसा ऑफिसकडून पण वेगळा कॉल येऊ शकतो, भावाला तो आला नाही. कन्सल्टन्सीने तयारीसाठी सात पानी पीडीएफ दिली. प्रश्न आणि खाली उत्तर. "मी हे विद्यापीठ का निवडले" याचं उत्तर जागतिक दर्जा, बहुसांस्कृतिक वातावरण, अनुभवी प्राध्यापक वगैरे, आणि गंमत म्हणजे विद्यापीठाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती, आपलं आपण भरायचं. शेजारच्या खुर्चीवर दुसरा मुलगा दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठासाठी हेच पाठ करत बसलेला. धाकट्याने पण केलं पाठ, रात्री अंघोळीच्या वेळी दारातून ऐकू यायचं.

मुलाखतीत झालं काय, तर दुसऱ्या सत्रातला कुठला विषय तुला आवडेल आणि का असं विचारलं. हे पीडीएफमध्ये नव्हतं. मी दाराच्या फटीतून बघत होते, साहेब चार-पाच सेकंद नुसते गप्प, मला वाटलं नेट गेलं. मग त्याने स्वतःचंच सांगायला सुरुवात केली. कोर्स सप्लाय चेनचा आहे, आणि त्याने एक वर्ष एका गोडाउनमध्ये काम केलंय. तिथे कॉम्प्युटरमध्ये माल दिसायचा आणि रॅकवर नसायचा, मग दर शनिवारी दोघं जण वही घेऊन खोकी मोजत बसायचे, आणि तरी सोमवारी हिशोब चुकायचा, तर तो का चुकतो हे मला शिकायचंय असं म्हणाला. इंग्रजी अडखळत, दोन ठिकाणी काळ चुकला. पण समोरच्या बाईंनी त्यावरच पुढचे तीन प्रश्न विचारले आणि झालं, पास. सात पानांतलं एक वाक्यही वापरलं गेलं नाही. कन्सल्टन्सीला सांगितलं तर म्हणे "बघा, आमच्या प्रिपरेशनचा उपयोग झाला". यावर काय बोलणार.

आणि भिंतीवरचा बॅनर. "शिक्षणानंतर २ वर्षे वर्क परमिट, जोडीदारालाही सोबत न्या" असा फोटोसकट. यातली जोडीदाराची गोष्ट तर १ जानेवारी २०२४ पासून बंद झालीये, वर्गात शिकून होणाऱ्या मास्टर्सवाल्यांना नवरा, बायको, मुलं डिपेंडंट म्हणून नेता येत नाहीत, रिसर्चवाल्यांचं वेगळं. आणि दोन वर्षांचं म्हणाल तर १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दीडच वर्ष मिळणार, पीएचडी सोडून. दोनाचं दीड करणार हे सरकारने मे २०२५ मध्येच सांगितलं होतं, बॅनर ऑगस्टमध्येही तसाच. आमच्या घरी हा फरक चांगलाच लागतो, कारण धाकट्याचा कोर्स सप्टेंबर २०२६ ला संपतोय, म्हणजे निकाल वेळेत लागून त्याने डिसेंबर संपायच्या आत अर्ज केला तर दोन वर्षं, नाहीतर दीड. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, मी ऑफिसातून लंच टाइममध्ये यूके सरकारची साइट वाचत बसायचे तेव्हा कळलं. ती साइट फुकट आहे आणि भाषा पण सोपी आहे, खरंच वाचा.

आता मुख्य तक्रार, म्हणजे ते २८ दिवस.

नियम असा आहे की ट्यूशन फीची राहिलेली रक्कम आणि राहण्याखाण्याचा नऊ महिन्यांपर्यंतचा खर्च एवढे पैसे खात्यात सलग २८ दिवस असले पाहिजेत. लंडनबाहेर आमच्या वेळी महिन्याला १,१३६ पौंड होतं, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,२२४, लंडनला १,४८३ ने धरायचं. नोव्हेंबर २०२५ पासून ते आकडे वाढून १,१७१ आणि १,५२९ झालेत. सलग म्हणजे सलग, एक दिवस जरी एक रुपयाने कमी झालं तरी मोजणी पहिल्यापासून. आणि २८ वा दिवस अर्जाच्या तारखेच्या मागे ३१ दिवसांच्या आतला हवा. वर हे सगळं पौंडात मोजणार, तुमचं खातं रुपयात, तर अर्जाच्या दिवशीचा ओआंडा नावाच्या साइटवरचा रेट धरतात, बँकेत लिहिलेला नाही.

कौन्सिलर नंबर दोनने हिशोब करून एक आकडा कागदावर लिहून दिला, "एवढे ठेवा, जास्तीची गरज नाही". बाबांनी विचारलं थोडे वर ठेवू का, तर "काका टेन्शन नका घेऊ, आमचं रोजचं काम आहे". बाबांनी २५ जूनला पैसे ठेवले. २२ जुलैला २८ दिवस पूर्ण. २३ ला बँकेतून शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणलं, व्हॉट्सॲपवर पाठवलं, कौन्सिलर नंबर तीनचा पाच मिनिटांत अंगठा आला आणि "परवा सबमिट करू".

त्या रात्री मी सहज म्हणून स्टेटमेंट घेऊन बसले. माझं काम अकाउंट्सचं आहे, शिल्लक रकमेच्या रकान्यावरून बोट फिरवायची सवय. ११ जुलैशी बोट थांबलं. बाबांच्या विम्याचा हप्ता! ऑटो डेबिट. वर्षातून एकदाच जातो त्यामुळे कोणाच्या डोक्यातच नव्हता. आणि कागदावरच्या आकड्यापेक्षा वर काही ठेवलंच नव्हतं, त्यामुळे हप्ता गेला आणि खातं रेषेच्या खाली. सतराव्या दिवशी. तिथून पुढचे सगळे दिवस कमीच. मी तीन वेळा मोजलं. मग बाबांना उठवलं, ते चष्मा लावून बघत बसले, काही बोलले नाहीत, नुसतं त्या ओळीवर नख टेकवून ठेवलं होतं त्यांनी. आई मागून विचारतेय काय झालं काय झालं, कोणी उत्तर देईना.

सकाळी दहा वाजता फोन केला. पहिल्यांदा "एवढं बारीक बघत नाहीत मॅडम". मग मी नियम वाचून दाखवला तर "होल्ड करा". मग त्यांच्या सीनियरचा फोन आला आणि त्यांनी जो उपाय सांगितला तो ऐकून मी खरंच उडाले. म्हणे "फंड अरेंज करून देतो आपण, २८ दिवस जुनं स्टेटमेंट मिळतं, चार्ज लागेल". म्हणजे खोटं स्टेटमेंट. सरळ. यात पकडले गेलात तर नुसता हा अर्ज बाद होत नाही, दहा वर्षं युकेचा कुठलाही व्हिसा न मिळण्याची वेळ येऊ शकते, आणि ते नाव मुलाचं लागतं, कन्सल्टन्सीचं नाही. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, "साहेब, नको." आणि ठेवला. तिथेच मी पूर्ण स्टार कापला.

बाबांनी २४ जुलैला दुसऱ्या खात्यातून पैसे आणून भरले, या वेळी आकड्यापेक्षा बऱ्यापैकी वर, सगळे ऑटो डेबिट त्या खात्यावरून काढले, आणि परत एकपासून मोजायला सुरुवात. २० ऑगस्टला २८ दिवस. आईने कॅलेंडरवर रोज एक काट मारली. तो महिना कसा गेला ते लिहीत बसत नाही. आता कोणी विचारलं तर मी आधी खात्याचं नाव विचारते आणि त्यावर काय काय आपोआप कापलं जातं ते. एज्युकेशन लोन असतं तर २८ दिवसांची भानगडच नसती, बँकेचं पत्र सहा महिन्यांच्या आतलं हवं एवढंच. पण आम्ही कर्ज घ्यायचं नाही ठरवलेलं, तो बाबांचा हट्ट.

या महिन्याचा एक फायदा झाला, मला फॉर्म वाचायला वेळ मिळाला. तोपर्यंत कन्सल्टन्सीने फॉर्म भरून ठेवला होता आणि आम्हाला दाखवलाच नव्हता, "सबमिट झाल्यावर कॉपी देतो". मी म्हटलं आधी पीडीएफ पाठवा. दोन दिवस टाळाटाळ, मग आली. आईची जन्मतारीख बाबांच्या रकान्यात आणि बाबांची आईच्या. आणि ईमेलच्या जागी कोणता तरी भलताच आयडी, भावाचं नाव आणि पुढे कन्सल्टन्सीच्या नावाची तीन अक्षरं. विचारलं हा काय प्रकार, तर म्हणे आम्ही प्रत्येक स्टुडंटचा वेगळा आयडी बनवतो, पासवर्ड आमच्याकडे असतो, "सगळ्यांचं असंच असतं मॅडम, स्टुडंट मेल चेक करत नाहीत".

आता इथे जरा थांबा, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. फॉर्म परत उघडायची लिंक ईमेलवर येते. काही कागद कमी पडला, मुलाखतीला बोलावलं तर ते ईमेलवर. निकाल ईमेलवर. आणि आता व्हिसाचा स्टिकर बहुतेक विद्यार्थ्यांना मिळतच नाही, जुलै २०२५ पासून ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन खातं उघडून त्यात तुमचा व्हिसा दिसतो, त्या खात्याला पण ईमेल आणि फोन नंबर लागतो. म्हणजे अख्खा मुलगा त्या एका ईमेलला टांगलेला आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये! मुद्दाम कोणी काही करेल असं नाही म्हणत मी. पण ज्या ऑफिसात सहा महिन्यांत तीन कौन्सिलर बदलतात तिथे पासवर्ड कोणाच्या वहीत आहे देव जाणे. मी सांगितलं, ईमेल बदला, याचा स्वतःचा टाका, नाहीतर आम्ही फॉर्म आमचा आम्ही भरतो. चार्जेस आधीच दिलेले असल्यामुळे असेल, बदलला. तक्रार करत करत बदलला, पण बदलला. मग मी आणि धाकट्याने तो अख्खा फॉर्म एका रविवारी बसून ओळ न् ओळ वाचला, चार तास लागले, आणि खरं सांगू, अवघड असं काहीच नव्हतं त्यात. लांबलचक आहे, कंटाळवाणा आहे. पण दहावी पास माणूस शब्दकोश घेऊन बसला तरी भरेल.

२१ ऑगस्टला सबमिट केला. व्हिसाची फी तेव्हा ५२४ पौंड. त्याच्याबरोबर आरोग्याचा सरचार्ज, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, पण एक वर्षाचा कोर्स म्हणून ७७६ धरून चालू नका, कारण व्हिसा कोर्सच्या आधी एक महिना आणि नंतर चार महिने असा मिळतो, त्या जादा महिन्यांचे अर्ध्या वर्षाचे पैसे धरतात आणि एकूण १,१६४ होतात. हे पण कन्सल्टन्सीच्या खर्चाच्या कागदावर ७७६ च होतं, पेमेंटच्या पानावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि महिना वाया गेलेला म्हणून प्रायॉरिटी, म्हणजे निकाल लवकर लागायची सोय, घ्यावी लागली, त्याचे ५०० पौंड वेगळे, साधा अर्ज एरवी तीन आठवड्यांत होतो. ते ५०० म्हणजे विम्याच्या त्या एका हप्त्याची किंमत. कन्सल्टन्सी यातले काही देईल का असं मी विचारून बघितलं, उगाच, मलाच हसू आलं.

बायोमेट्रिक वगैरे काही विशेष नाही. बोटांचे ठसे, फोटो, पासपोर्ट जमा, अर्ध्या तासात बाहेर. तिथल्या लोकांबद्दल काहीच तक्रार नाही, शांत होते, मुलांना घाबरवत नव्हते.

निकाल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. रात्री जेवणं झाल्यावर धाकट्याचा फोन वाजला, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर, त्याने वाचला आणि काही न बोलता फोन आईच्या हातात दिला. आईला इंग्रजी मेल कुठे सुरू होतो कुठे संपतो कळेना, ती आमच्या तोंडाकडे बघतेय. मी मोठ्याने वाचला. मग जे काय व्हायचं ते झालं, शेजारचे पण आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कन्सल्टन्सीचा फोन, "काही मेल आला का?" म्हणजे त्यांना आता आमच्याकडून कळणार होतं. मिळाला म्हटल्यावर आवाजच बदलला, अभिनंदन अभिनंदन, पासपोर्ट आला की ऑफिसला घेऊन या, फोटो काढायचाय. धाकटा भिडस्त, गेला. मी पण गेले सोबत, मला त्या मागच्या मॅडमना भेटायचं होतं, पेढे दिले त्यांना. पुढे भिंतीपाशी कौन्सिलर नंबर तीन मोबाईल घेऊन उभा, "पासपोर्ट उघडून धर, व्हिसाचं पान दिसू दे". धाकट्याने पासपोर्ट उघडला, पानं उलटली, परत उलटली. सगळी कोरी. ई-व्हिसा ना, स्टिकरच नाही. कौन्सिलर म्हणतो "नीट बघ, असेल". मी म्हटलं, अहो नसतो आता, जुलैपासून. मग बंद पासपोर्टचा फोटो काढला.

घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर मेसेज आलेला होता. रिव्ह्यूची लिंक, आणि खाली तयार मजकूर, फक्त कॉपी पेस्ट करायचा. पाच स्टार, बेस्ट गायडन्स, व्हेरी सपोर्टिव्ह स्टाफ. विद्यापीठाच्या नावाच्या जागी रेघ होती.